पावसजवळची पडवी ते धनगढी: न सांगितलेल्या कामाचं प्रकरण

रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या पुढे, एका आंबा बागायतदाराच्या घराच्या पडवीत एक लहानसं कार्यालय चालतं. अकरा बायका-मुली कानाला हेडफोन लावून मराठी आवाज ऐकतात आणि टाइप करतात. त्यांचं काही काम नेपाळातल्या धनगढीत होऊ लागलं, त्याची ही गोष्ट. मी त्यांची कर सल्लागार. २०२१ पासून त्यांचे हिशोब माझ्याकडे आहेत, त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी मला आधी आकड्यांत दिसल्या आणि मग माणसांकडून कळल्या. कार्यालय चालवणारीने लिहायला परवानगी दिली आहे. तिचं, वाडीचं आणि कंपन्यांचं नाव मुद्दाम देत नाही. तिला ताई म्हणते, कारण या प्रकरणातलं प्रत्येक माणूस तिला तेच म्हणतं.

ताई मार्च २०२० मध्ये डोंबिवलीहून घरी आली. टाळेबंदीत सगळं कोकण चाकरमान्यांनी भरलं होतं, तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीत ती ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर लिहिण्याच्या विभागात होती. काम घरून करायला मिळालं, पण घर खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला आणि रेंज वर सड्यावर. तीन महिने ती कातळावर छत्री रोवून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. पाऊस लागला आणि नोकरी सुटली. मग जुन्या ओळखीतून बंगळुरूच्या एका कंपनीने थोडं थोडं काम द्यायला सुरुवात केली. ताईने वाडीपर्यंत केबल ओढून घेतली, दोन इन्व्हर्टर बसवले, चार मुली बसवल्या.

काम असं. यंत्राला माणसाचं बोलणं कळावं म्हणून हजारो तासांचे आवाज आणि त्यांचा अचूक मजकूर लागतो. कोणी तरी ते ऐकून लिहावं लागतं: बोलणारा कुठे बदलला, कुठे खोकला, कुठे शब्द अर्धाच सोडला, सगळं वेळेच्या खुणांसकट. एक तासाचा ऑडिओ लिहायला आमच्या पडवीत पाच ते सात तास लागतात. पैसे मात्र ऑडिओच्या तासाला मिळतात, कामाच्या तासाला नाही. तपासणीत फाइल परत आली तर दुरुस्ती फुकट. हा धंदा समजून घ्यायचा तर आधी हे एवढं डोक्यात ठेवायला हवं.

मे २०२१ च्या मध्याला तौक्ते वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावरून १६ तारखेला ते वर सरकलं. झाडं पडली, तारा तुटल्या, आंबा जमिनीवर आला. पडवीत सहा दिवस वीज नव्हती. बॅच उशिरा गेली आणि बंगळुरूने पाचवा हिस्सा कापला. ताईने फोन केला, वादळाचे फोटो पाठवले, क्लायंटला कारण कळवा म्हणाली. पलीकडून उत्तर आलं, तेही अगदी सौम्य आवाजात: "मॅडम, क्लायंटला आम्ही काम आमच्याच ऑफिसात होतं असं सांगितलंय. रत्नागिरीचं वादळ त्यांना कसं सांगू?"

ते वाक्य ताईने माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं होतं. त्या दिवशी तिला ते फार लागलं होतं.

नेपाळशी संबंध कसा आला

बाहेरच्या वाचकाला वाटेल की रत्नागिरीचं काम नेपाळात गेलं म्हणजे इंटरनेटची करामत. आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. नेपाळ इथे कधीचाच आलेला आहे. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंत सगळं करतात. मिरकरवाड्याच्या आणि हर्णैच्या बोटींवर खलाशी नेपाळी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि आमच्या मुलांसारखीच मराठी बोलतात.

ताईच्या घरच्या कलमांना असाच एक राखणदार होता, आजही आहे. त्याची मुलगी चार वर्षांची असताना मांगरात, म्हणजे बागेतल्या राखणदाराच्या खोपीत, राहायला आली आणि बारावी होऊन इथून गेली. लग्न होऊन ती नेपाळच्या पश्चिम टोकाला, कैलाली जिल्ह्यातल्या धनगढीला राहते. तिला इथे बहिणी म्हणते, नेपाळीत धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात त्यावरून. पडवीतल्या मुली तिला तसंच म्हणतात, आणि तिचं नाव लिहायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

एप्रिल २०२२ मध्ये ताईची पंचाईत झाली. आंबा तयार झाला की वाडीतल्या बायका बागेत जातात. रोज रोख मिळतो, डबा मिळतो, आणि घरच्याच बागेला नाही कोण म्हणणार? पडवी निम्मी रिकामी झाली. त्याच आठवड्यात बहिणीने आजीची चौकशी करायला फोन केला होता. ताईने सहज विचारलं, "गो, तुला टायपिंग येतं ना?"

पहिल्याच चाचणीत तिने सगळ्यांना मागे टाकलं. रत्नागिरीच्या बागायतदारांच्या मुलाखती होत्या. यंत्राने आधी कच्चा मजकूर केलेला, माणसाने तो सुधारायचा. "घळीत आंबा घेतला" याचं यंत्राने "गळ्यात आंबा घेतला" केलं होतं. पुण्यातल्या तपासनिसाने ते तसंच सोडलं होतं. घळ म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, हे धनगढीत बसलेल्या नेपाळी मुलीला माहीत होतं, कारण तिचं बालपण ती धरण्यात गेलं होतं.

पुढे तिने आणखी दोघींना आणलं. त्याही कोकणात वाढलेल्या, एक तर हर्णैच्या बंदरावरची. मग नेपाळी भाषेचं कामही येऊ लागलं. नेपाळी ही भारतातलीही भाषा आहे. १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिन्ही भाषा एकदमच आठव्या अनुसूचीत आल्या. त्यामुळे भारतीय भाषांच्या आवाजांचं काम निघालं की यादीत नेपाळी असते. लिपी देवनागरीच. २०२४ पर्यंत धनगढीच्या बाजारात एक खोली भाड्याने घेऊन सहा जणी बसू लागल्या.

दोन्हीकडचं वर्षही छान जुळलं. इथे गणपतीत सगळं बंद, तिथे दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला. एक थांबलं की दुसरं चालू. घड्याळाचं तेवढं जुळेना: नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे, त्यामुळे नऊच्या मीटिंगला धनगढीच्या मुली कायम आधी येऊन बसलेल्या.

हिशोबाची बाजू, जी माझ्याकडे आली

२०२३ च्या उन्हाळ्यात वर्षाचा हिशोब करताना मला "राखणदार, रोख" अशा नोंदी कार्यालयाच्या वहीत दिसल्या. बागेचा खर्च इथे कसा, म्हणून विचारलं. उत्तर ऐकून मी वही मिटली. बहिणीचे पैसे ताई तिच्या बापाच्या हातात देत होती. बाप सुट्टीत गावी गेला की नेईल, असा सरळ, घरगुती विचार. पण बापाने बागेच्या धन्याकडून, म्हणजे ताईच्याच मोठ्या भावाकडून, उचल घेतलेली होती. भाऊ त्या पाकिटातून उचल वळती करून घेत होता. मुलगी धनगढीत टाइप करत होती आणि बापाचं कर्ज इथे फिटत होतं. तिला तोपर्यंत निम्मेही पैसे पोचले नव्हते. तिने विचारलंही नव्हतं. ज्या घराच्या मांगरात वाढलो, त्या घराला पैशाचं कसं विचारायचं?

मी ताईला म्हटलं, हे आज थांबायला हवं. कायद्याने आणि नात्यानेही. उचल बापाने आणि भावाने आपसात बघावी.

पुढचं काम किचकट होतं, पण होण्यासारखं होतं. भारतातून नेपाळात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची २००८ पासूनची खास सोय आहे, एनईएफटीवरच चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५० हजारांवरून २ लाखांवर नेली. दर ठरलेला, शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, १९९३ पासून तोच. त्यामुळे डॉलरमध्ये काम करणाऱ्यांना दर महिन्याला पडणारा विनिमयाचा घोर इथे नाही. लहान कार्यालयांना ही मोठी सवलत आहे.

जीएसटीने मात्र ताईला घाम फोडला. उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून तिची नोंदणी नव्हती. पण परदेशातून सेवा विकत घेतली की कर घेणाऱ्यालाच भरावा लागतो, त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, आणि तो लागू झाला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची. १८ टक्के. पुढे तो वजावटीत मिळतो, पण आधी खिशातून जातो. मागचा कर व्याजासकट भरला. परदेशी रहिवाशाला पैसे देताना आयकर कापायचा का, हेही तेव्हाच्या कायद्याच्या कलम १९५ खाली प्रत्येक बिलाआधी तपासावं लागलं. शेजारच्या देशातल्या ओळखीच्या माणसाकडून काम घेणाऱ्या माझ्या इतर अशिलांनाही हे ठाऊक नसतं. नेपाळ परका वाटत नाही ना, म्हणून.

बहिणीचं पहिलं बिल आलं त्यावर तारीख २०८०/४/१५. विक्रम संवत. नेपाळचा सरकारी व्यवहार त्यावरच चालतो. माझ्या संगणकाने ती तारीख साफ नाकारली. मोजून पाहिलं, ३१ जुलै २०२३. तिच्याकडे पॅनही होता, नेपाळातही त्याला पॅनच म्हणतात, फक्त तो नऊ अंकी असतो. तो आमच्या दहा अक्षरांच्या रकान्यात कसा बसणार? या दोन गोष्टींत आमचे चार दिवस गेले. पण ते बिल मी जपून ठेवलं आहे. त्या मुलीच्या नावावर आलेली ती पहिली रक्कम.

जुलै २०२४

या महिन्याबद्दल लिहिताना मला अवघडायला होतं, कारण त्यात आमचा फायदा झाला.

ऑनलाइन कामगार पुरवण्यात बांगलादेश हा आपला मोठा शेजारी. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये काढलेल्या आकड्यांत भारताचा वाटा २४ टक्के, बांगलादेशचा १६ आणि अमेरिकेचा १२ होता. २०२४ च्या जुलैत तिथे आरक्षणाविरोधी आंदोलन पेटलं आणि १८ तारखेच्या रात्री देशभर इंटरनेट बंद झालं. घरोघरच्या जोडण्या पाचएक दिवसांनी हळूहळू सुरू झाल्या, मोबाइलचं इंटरनेट २८ तारखेला. जे घरून काम करून परदेशातून कमावत होते, त्यांचा चालू कामाशी, क्लायंटशी, पैशाशी संबंध एका रात्रीत तुटला.

२० जुलैला बंगळुरूहून ताईला फोन आला. दुकानांच्या पाट्यांचे फोटो होते, यंत्राला पाटी ओळखता यावी म्हणून त्यावर चौकोन काढायचे. "बांगलादेशची टीम बंद पडलीय. चार दिवसांत होईल?" दर नेहमीपेक्षा बरा होता. पडवी आणि धनगढी दोन्हीकडे रात्री जागवून काम झालं, आणि त्या पैशातून गणपतीला सगळ्यांना साड्या झाल्या.

काम संपल्यावर बहिणीने ग्रुपवर विचारलं होतं, "ताई, त्यांनी अर्धं केलेलं काम होतं ना? त्याचे पैसे त्यांना मिळाले का?" कोणालाच माहीत नव्हतं. ताईने विचारायचं म्हटलं आणि राहून गेलं.

सप्टेंबर २०२५

त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, गौरी-गणपतींचं विसर्जन २ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी ६ ला. पडवी बंद. नेपाळी भाषेची चाळीस तासांची बॅच पूर्णपणे धनगढीच्या खोलीत, मुदत १० सप्टेंबर.

४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने नोंदणी न केलेले २६ मंच बंद करण्याचा हुकूम काढला. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळं त्यात. मूळ काम ज्या संकेतस्थळावर व्हायचं ते चालू होतं. पण शंका, सूचना, तपासणीचे शेरे, सगळं व्हॉट्सॲपवर. एका दिवसात सहा जणी आंधळ्या झाल्या. बंदीतून व्हायबर सुटलं होतं, त्यावर बहिणीने ग्रुप बांधला आणि गाडी पुन्हा चालू केली. मग ८ तारीख उजाडली. काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, त्या एका दिवसात किमान १९ जणांचा जीव गेला. रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, देशभर जाळपोळ आणि संचारबंदी. बाजारातली खोली कुलूपबंद. एकीचा भाऊ दोन दिवस घरी आला नव्हता. कोण टाइप करणार?

९ तारखेला बंगळुरूच्या व्यवस्थापकाने कामाच्या फोनवर सहज म्हटलं, "नेपाळात काय चाललंय पाहिलंत का?"

ताई म्हणाली, "हो, बातम्यांत पाहिलं."

आणि गप्प बसली. कारण बंगळुरूला नेपाळचं कधी सांगितलेलंच नव्हतं. उशिराचं कारण तिने गणपतीचं दिलं. गणपतीची तारीख वर्षभर आधी कळते, ते काही कारण होत नाही, असं उत्तर आलं. आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. बॅच १७ तारखेला गेली. चौथा हिस्सा कापला गेला. ताईने तेवढाच हिस्सा धनगढीच्या बिलातून कापला.

बहिणीने भांडण केलं नाही. कमी रकमेचं सुधारलेलं बिल पाठवलं आणि खाली एक ओळ: "कपात मान्य. फक्त कारण लिहून द्या, मला पाच जणींना दाखवायचं आहे."

ते कारण ताईला लिहिता येईना. संचारबंदी लिहावं तर ते तिने वर सांगितलेलं नव्हतं. गणपती लिहावा तर तो धनगढीचा नव्हता. दोन दिवस ती कागद घेऊन बसली आणि मग माझ्याकडे आली.

टेबलावर

आम्ही बंगळुरूचा करार काढला. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा वाचला, आणि हे माझं चुकलं होतं. २०२३ मध्ये कर, व्याज, बँक सगळं निस्तरताना मी मूळ करार मागायला हवा होता. त्यात स्पष्ट होतं: लेखी परवानगीशिवाय काम पुढे कोणाला देऊ नये, आणि आवाजाच्या फाइल भारताबाहेर नेऊ नयेत.

तीन वर्षं ताईकडून करार मोडला जात होता. तिचा हेतू वाईट नव्हता. ती बहिणीला बाहेरची समजतच नव्हती. "ती आमच्यातली आहे" हे वाक्य ती प्रेमाने म्हणत असे आणि मनापासून. पण आमच्यातली म्हणूनच तिचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही, पैसे बापाच्या हातात गेले, आणि तिच्या गावची संचारबंदी हिशोबात धरायला जागा उरली नाही. मी ताईला विचारलं, तौक्तेच्या वेळी बंगळुरू काय म्हणालं होतं? ती खूप वेळ बोलली नाही.

माझं मत त्या टेबलावर पक्कं झालं, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येक अशिलाला मी आता ते सांगते. दर, वेग, इंटरनेट यांचं बघता येतं. शेजारच्या देशातला माणूस साखळीत लपवून ठेवला की त्याच्यावर आलेलं संकट हे संकट राहत नाही, त्याचा आळस ठरतं. वीज, वादळ, बंदी, कर्फ्यू या सगळ्यांना कारण म्हणून उभं राहायचं असेल तर त्या माणसाचं गाव आधी कागदावर असायला लागतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या बागायतदारांनी केवढा आनंद केला. पेटीवर गावाचं नाव खरं असावं, हा आग्रह आम्हाला नवा नाही.

ताईने बंगळुरूला पत्र लिहिलं. सगळं. काम हातचं जाईल हे धरूनच लिहिलं. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग आलं: नेपाळी भाषेचं काम धनगढीत करायला परवानगी, सहा जणींची यादी आणि गुप्ततेचे करारनामे दिल्यावर. सरकारी बंदी किंवा नैसर्गिक आपत्तीचे दिवस मुदतीत धरायचे नाहीत, चोवीस तासांत कळवलं तर. हे कलम रत्नागिरीलाही लागू. मराठी आवाजांच्या फाइल मात्र देशाबाहेर जाणार नाहीत, ते त्यांच्या क्लायंटशी ठरलेलं आहे.

कापलेले पैसे बंगळुरूने परत दिले नाहीत. ताईने धनगढीची कपात दिवाळीत स्वतःच्या खिशातून भरून दिली. आणि उचल सुरू केली: बॅच गेली की तिसरा हिस्सा लगेच, बाकी तपासणीनंतर. शब्द बागेतलाच ठेवला, फक्त आता ती बहिणीच्या खात्यात जाते.

पण घळ ओळखणारी मुलगी मराठीच्या कामातून बाहेर पडली. ती आणि तिच्याबरोबरच्या दोघी. तिची कमाई जवळजवळ निम्म्यावर आली. खरं सांगितल्याची किंमत ज्यांनी काही लपवलं नव्हतं त्यांनी मोजली, आणि मला यावर अजून तोड सापडलेली नाही. ताईने बंगळुरूला पुन्हा विचारलं आहे: माणसाची ओळख पटत नाही अशा, वाचून घेतलेल्या वाक्यांच्या फाइल तरी तिला तपासता येतील का? उत्तर यायचं आहे.

गेल्या महिन्यात बहिणीने अनुभवाचा दाखला मागितला. धनगढीत तिला खोली मोठी घ्यायची आहे, बँकेला कागद हवा आहे. मसुदा मी केला. सुरुवातीची तारीख लिहिताना अडले. बँकेतल्या नोंदी ३१ जुलै २०२३ पासून आहेत. त्याआधीचे सोळा महिने फक्त "राखणदार, रोख" आहेत. ताई म्हणाली, एप्रिल २०२२ लिहा, खरं तेच आहे. मग त्या सोळा महिन्यांचा तक्ता आम्ही जुन्या फाइलींच्या तारखांवरून पुन्हा केला. किती तास, किती दर, किती दिले, बापाकडे किती राहिले. तो दाखल्याला जोडला. शेवटी येणं निघालं त्यावर ताईने सही केली आणि तो कागद आपल्या मोठ्या भावाकडे घेऊन गेली.